बाहुली झाली, गोष्ट कुठाय?

पत्र थोडक्यात असं: वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावात पत्रलेखिका वाचनालयाचं काम बघतात. दर मे महिन्यात तिथे मुलांचं आठवडाभराचं शिबिर असतं. गावातली आणि सुट्टीला आलेली चाकरमान्यांची मिळून वीस-बावीस मुलं येतात, वय सात ते बारा. गेल्या वर्षी विषय होता ‘देशोदेशीचे गोष्टी सांगणारे’. इंटरनेटवरून नमुने उतरवून मुलांनी टोटेम खांब, पिसांचे मुकुट आणि आफ्रिकेतले म्हणून मुखवटे केले. फोटो छान आले, पालक खूश झाले. शेवटच्या दिवशी लेखिकेच्या सासूबाई प्रदर्शन बघायला आल्या आणि एका मुलाच्या हातातल्या खांबाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ह्या काय हा रे? ह्येची गजाल सांग बघू.” मुलगा गप्प. शेजारची मुलगीही गप्प.

म्हणून यंदा इथलंच काहीतरी करायचं ठरलं: पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला), सावल्यांच्या बाहुल्या, दशावतारी नाटकातला संकासूर, गावचा राखणदार, म्हणजे गाव राखणारा देव. पण सुरुवातीलाच तीन ठिकाणी अडलं. एक, “आम्ही ठाकर समाजातले नाही, त्यांची कला मुलांकडून करून घेणं बरोबर का?” दोन, सासऱ्यांनी बजावलंय, “राखणदाराचा खेळणा करू नको.” तीन, पालकांना गेल्या वर्षीसारखं शोकेसमध्ये ठेवता येईल असं काहीतरी हवंय. शेवटी लेखिका विचारतात, “कुणाचं ऐकू? की सरळ ओरिगामी शिकवून मोकळी होऊ?”

ताई,

ओरिगामीचं राहू द्या. मला तुमच्या तिन्ही अडचणींपेक्षा सासूबाईंचा प्रश्न जास्त आवडला. रंग कुणी दिला, किती दिवस लागले, असलं काही न विचारता त्यांनी थेट गजाल, म्हणजे गोष्ट, मागितली. तुमचं पुढचं सगळं शिबिर त्या एका प्रश्नावर उभं राहू शकतं.

मात्र त्या प्रसंगातून तुम्ही जो अर्थ काढलात तो मला पटला नाही. विषय परका होता म्हणून मुलं गप्प बसली, असं तुम्ही धरून चालला आहात. यंदा इंटरनेटवरून संकासुराचा नमुना उतरवलात, काळा कागद कापून पांढरी दाढी चिकटवलीत, तर तो संकासूरही तितकाच मुका राहील. इथला आहे एवढ्यावर पुठ्ठा बोलायला लागत नाही. गेल्या वर्षी मुलांच्या हाती वस्तू आली, पण ती वस्तू हातात धरून सांगायचं काय, हे कुणी त्यांना दिलं नव्हतं.

टोटेम खांबाचंच घ्या. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे हैडा, त्लिंगिट आणि त्यांच्या शेजारचे लोक लाल सीडरच्या प्रचंड खोडात हे खांब कोरतात. त्यावरचं अस्वल, गरुड, डोमकावळा ही एकेका कुळाची चिन्हं असतात. ती कुणी कोरवून घ्यायची, त्यांची कथा कुणी सांगायची, याचे हक्क ठरलेले आहेत. खांब उभारला की पोटलॅच नावाचा मोठा समारंभ होतो. आलेल्या पाहुण्यांना भेटी देतात आणि भेट घेणारा त्या कथेचा साक्षीदार ठरतो. कॅनडाच्या सरकारने या पोटलॅचवर १८८५ साली बंदी घातली, ती १९५१ पर्यंत होती. इतकं सोसून टिकलेली गोष्ट आपल्या टेबलावर कागदी पेल्यांच्या उतरंडीवर हसरे चेहरे काढून येते. पिसांचा मुकुट तर त्या किनाऱ्यापासून फार दूरच्या मैदानी प्रदेशातल्या लाकोटांसारख्या लोकांचा, तिथे पीस पराक्रमाने मिळवावं लागे. नमुन्यांच्या पानावर मात्र दोन्ही शेजारी शेजारी. आपल्याकडच्या कोळ्याच्या अंगात काश्मिरी फिरन घालून ‘हा बघा भारतीय माणूस’ म्हणावं, तसला प्रकार.

मग परकं सगळं टाकून द्यायचं का? मला तर उलट वाटतं. एक परकी वस्तू तुमच्या शिबिराची सुरुवात म्हणून फार उपयोगी पडेल. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत कोचिती नावाचं पुएब्लो, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, गाव आहे. तिथल्या हेलन कॉर्डेरो या मातीकाम करणाऱ्या बाईंनी १९६४ साली एक बसलेला म्हातारा घडवला, त्याच्या अंगाखांद्यावर लोंबकळणारी पोरं. हे त्यांचे आजोबा, सांतियागो किन्ताना; गावात गोष्टी सांगण्यासाठी प्रसिद्ध असलेले. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले, कारण तो विचार करतोय. तोंड उघडं, कारण तो गातोय. आज अनेक पुएब्लो गावांतले कलाकार अशा ‘गोष्ट सांगणाऱ्या’ बाहुल्या करतात. या बाईंनी गोष्टीतला राजा किंवा राक्षस घडवला नाही, गोष्ट सांगणारा घडवला. माझ्या मते मुलांसाठी याहून चांगला पहिला दिवस असू शकत नाही.

मुलांना या बाईंचं नाव सांगा, गाव सांगा, आणि मग त्यांच्या म्हाताऱ्याची नक्कल करू देऊ नका. प्रत्येकाने आपल्या घरात गोष्ट सांगणारं माणूस मातीत करायचं. कामाला लागण्याआधी घरी जाऊन बघून यायचं: आजी सांगताना कशी बसते? पाय पसरून, की पाटावर? हात चालतात का? मध्येच पान लावते, सुपारी कातरते, की तांदूळ निवडता निवडता सांगते? डोळे कुठे असतात? मुंबईच्या मुलांची आजी कदाचित फक्त फोनवर भेटत असेल, तर फोन धरलेली आजी होऊ दे. एखाद्या घरात गोष्टी सांगणारा कुणीच नसतो, आणि त्या मुलाला हे सगळ्यांसमोर कबूल करायला लावू नका. शेजारचे आजोबा, होडीवरचे तांडेल, वाडीतली मासळी विकणारी काकी, कुणीही चालेल. गजाली मारणाऱ्या माणसांचा दुष्काळ कोकणात अजून पडलेला नाही.

माती तुमच्या जवळच्या गणपतीच्या शाळेत मिळेल. मे महिन्यात तिथे कामाची जमवाजमव सुरू होते, मूर्तिकारांना सांगून ठेवलंत तर शाडूचा गोळा सहज देतील. मळ्यातली चिकणमातीही चालेल, फक्त खडे-मुळं काढून आदल्या रात्री भिजवून ठेवा. वाळवताना उन्हात ठेवलीत की तडा गेलाच म्हणून समजा. पडवीत सावलीला, वर ओलसर फडकं, दोन-तीन दिवस. हात आणि पोरं वेगळी करून चिकटवायची असतील तर दोन्हीकडे ओरखडे काढून पातळ चिखल लावायचा, नाहीतर वाळल्यावर नातवंडं एकेक करून खाली पडतात.

आता तुमचा पहिला प्रश्न, ठाकर समाजाच्या कलेचा. असा प्रश्न पडणं हीच चांगली गोष्ट आहे, बहुतेक शिबिरांत तो कुणाच्या डोक्यातही येत नाही. पण तो तुम्ही जरा एकगठ्ठा विचारला आहे. शिकणं, नक्कल करणं आणि आपलं म्हणून मिरवणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जपलाय. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता, देवळांत त्यांचे कार्यक्रम ठरलेले असत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाने स्वतःच्या गोठ्याचं कलासंग्रहालय केलंय. तुमच्यापासून हे काही फार लांब नाही. मग यूट्यूबवर बघून मुलांना ‘चित्रकथी’ शिकवण्याऐवजी पिंगुळीच्या एखाद्या कलाकाराला एक दिवस बोलवा, किंवा मुलांना घेऊन तिकडे जा. कार्यक्रम विनामूल्य करून देता का, असं विचारू नका. ‘मुलांसाठीच आहे, समाजकार्य आहे’ हे वाक्य आपल्याकडे लोककलाकाराच्या तोंडावर फार लवकर फेकलं जातं. मंडपवाल्याला ते कुणी ऐकवत नाही. मुलांकडून काय करून घ्यायचं ठरवलंय तेही त्यांना आधी सांगा. एखादं चित्र, एखादं पात्र मुलांनी करू नये असं त्यांना वाटलं तर ते तिथेच कळेल, आणि त्यांचा शब्द अखेरचा माना.

त्यांच्याकडून मुलांनी घ्यायची ती पद्धत. चित्रकथीचा संच म्हणजे पोथी. सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातले प्रसंग, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. चेहरे बहुतेक एका बाजूने दिसणारे, डोळे मोठे, मागे देखाव्याची गर्दी नाही. सांगणारा एक चित्र समोर उभं करतो, वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने गातो, सांगतो, मग पुढचं चित्र लावतो. एका चित्रावर किती थांबायचं हे त्याच्या हातात. समोर लहान मुलं असतील तर युद्ध लांबवेल, म्हाताऱ्या असतील तर सीतेचा वनवास. चित्रावर गोष्ट लिहिलेली नसते, ती सांगणाऱ्याकडे असते.

हेच मुलांना करू द्या, फक्त प्रसंग रामायणातले नकोत. ते पिंगुळीच्या पोथ्यांत आहेत, तिथेच शोभतात. मुलांनी घरातली एक खरी घडलेली गोष्ट शोधायची आणि तिची सहा चित्रं करायची, म्हणजे तीन पानांची पोथी. विहीर खणताना जांभा लागला आणि आजोबा हट्टाला पेटले. वादळात होडी भरकटली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली तेव्हा गाडी बघायला घरातलं कोण कोण गेलं, आणि डबा कुणी विसरला. माकडांनी फणस पळवल्याची गोष्टही मोठ्या थाटात सांगता येते. नियम एकच ठेवा: चित्रावर एक अक्षर लिहायचं नाही. हा नियम मोडायचा मोह मुलांपेक्षा तुम्हाला जास्त होईल, चित्राखाली सुबक अक्षरात नाव घालायची आपल्याला शाळेपासून सवय असते. घालू नका. लिहिलेलं दिसलं की मूल वाचायला लागतं आणि सांगायचं थांबतं.

चिकटवायला मैद्याची खळ, रोज ताजी शिजवलेली. जुन्या पद्धतीत कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत; मुलांच्या हाताखाली तो अजिबात नको, विषारी आहे. पानं चिकटवली की रद्दीच्या गठ्ठ्याखाली रात्रभर दाबायची, नाहीतर पापडासारखी वळतात. रंगांना गेरू, काजळी, खडूची पूड, हळद. हळदीचा पिवळा उन्हात उडून जातो हे मुलांना आधीच सांगा, म्हणजे नंतर रडारड नको. आणि शेवटी पोथीला नाव द्याल ते ‘आमच्या वाडीची पोथी’ असं द्या, ‘पिंगुळी चित्रकथी’ नको. पद्धत कुणाकडून शिकलो हे मुलांनी सांगताना तोंडाने म्हणायचं. विक्री तर नाहीच, वाचनालयाच्या मदतीसाठीसुद्धा नाही. पिंगुळीची माणसं याच चित्रांवर पोट भरतात.

सावल्यांच्या बाहुल्यांसाठी चामड्याच्या मागे लागू नका. पोफळीची गळून पडलेली विरी (झावळीच्या बुडाचं रुंद आवरण) रात्रभर पाण्यात भिजवली की मऊ पडते, साध्या कात्रीने कापता येते, आणि वजनाखाली वाळवली की ताठ राहते. तिच्यात सुईने किंवा दाभणाने भोकं पाडली की दागिने उजेडाने उमटतात (दाभण मोठ्यांच्या हातात). रंगीत सावली हवी असेल तर कागद रंगवून त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, कागद अर्धपारदर्शक होतो. हाताला नारळाचा हीर बांधला की झाली दांडी. पडद्याला जुनं पांढरं धोतर, मागे टॉर्च किंवा बल्ब. समई दिसते सुंदर, पण कापड आणि मुलं इतकी जवळ असताना नको. बाहुली दिव्याजवळ नेली की सावली राक्षसाएवढी होते हे मुलांना सांगू नका, त्यांचं त्यांना सापडू दे. त्या क्षणी जो आरडाओरडा होईल त्यात तुमचा अर्धा तास जाईल, तो धरूनच वेळापत्रक आखा. आणि तुमच्या वीस-बावीस मुलांत तीन-चार तरी अशी असतील की चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नाही. त्यांना पडद्यामागे पाठवा. कुणी आपल्याकडे बघत नाहीये एवढी खात्री पटली की ही मुलं काय काय बोलतात ते ऐका.

संकासुराबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण त्याच्यात मजा आहे. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं, संवाद नट तिथल्या तिथे उभे करतात. आख्यानाआधीच्या आडदशावतारात गणपती, सरस्वती येऊन जातात आणि मग काळ्या वेषातला हा संकासूर येतो, वेद पळवणारा, शेवटी विष्णूच्या हातून मरणारा. तोवर मालवणीत सगळ्या मंडपाला हसवून घेतो. करवंटीचा चेहरा, सोडणाच्या काथ्याची दाढी, चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठीचे हातपाय, एका दुपारचं काम आहे. पण बाहुली झाली की दोन-दोन मुलांच्या जोड्या लावा, एकाकडे संकासूर, दुसऱ्याकडे विष्णू, आणि सांगा: वेद का पळवलेस, याचं कारण दे. दर वेळी नवं. मुंबईच्या मुलाला मालवणी येत नसेल तर त्याचा संकासूर हिंदीत बोलेल, बोलू दे. गावातली मुलं त्याला दोन दिवसांत मालवणी शिव्या शिकवतील, तेवढं मात्र सांभाळा.

आता सासरे. इथे मी सरळ त्यांच्या बाजूने आहे. तुमच्या पत्राच्या सुरात थोडी कुरकूर आहे: देवांची सोंगं आपण रंगमंचावर आणतो, गणपती तर दर घरी मातीचा करतो, मग राखणदारानेच काय केलंय? तर्क म्हणून ठीक आहे. पण दशावतारातही देव उगाच येत नाही. मंडळी पेटाऱ्याची पूजा करतात, कोण कधी रंगमंचावर येणार याचा क्रम ठरलेला असतो. गणपतीची प्राणप्रतिष्ठा होते, विसर्जन होतं, त्याच्या येण्याजाण्याला वाट आहे. राखणदार हा त्या जागेचा. त्याचा नारळ ठरलेला, त्याचं गाऱ्हाणं ठरलेलं, आणि बहुतेक गावांत त्याला रूप दिलेलंच नाही. तुम्ही त्याला डोळे-मिशा लावल्यात तर तो तुमचा होईल, गावाचा राहणार नाही. आणि शिबिर संपल्यावर तो पुठ्ठ्याचा राखणदार कुणाच्या घरी, कुठल्या कपाटात जाणार, हा प्रश्न सासऱ्यांना पडला असेल तर तो रास्तच आहे.

पण राखणदाराच्या गोष्टी शिबिरात याव्यात, हे तुमचं म्हणणं मलाही पटतं. त्यासाठी एक वाट सुचवते. काँगोच्या आग्नेय भागात लुबा लोक राहतात. त्यांच्याकडे लुकासा नावाची लाकडी फळी असते, हातात मावेल एवढी, तिच्यावर मणी आणि शिंपले बसवलेले. जाणकार माणूस मण्यावरून बोट फिरवत राजांची, स्थळांची, स्थलांतरांची हकिकत सांगतो. फळी तीच, पण प्रसंग बघून सांगणं बदलतं. तुमच्या मुलांना अशी वाडीची फळी करू द्या. फळीच्या तुकड्यावर किंवा जाड पुठ्ठ्यावर ओल्या मातीचा थर, त्यात शिंपला म्हणजे बंदर, चिंचोका म्हणजे विहीर, करवंटीचा तुकडा म्हणजे देऊळ, सागरगोटा म्हणजे तो मोठा वड. हिरांचे तुकडे रोवून पायवाटा. खुणा प्रत्येक मुलाने आपल्या ठरवायच्या.

आणि जिथे राखणदाराची जागा आहे तिथे काहीच ठेवायचं नाही. पायवाट तिथे थोडी वळू दे. मग एका संध्याकाळी सासऱ्यांना वाचनालयाच्या पडवीत खुर्ची टाकून द्या आणि मुलांना फळ्या घेऊन भोवती बसवा. फळीवरून बोट फिरवत प्रत्येक मूल वाट चालेल आणि त्या रिकाम्या जागेशी येऊन थांबेल. पुढचं सासऱ्यांनी सांगायचं, सांगायचं असेल तितकंच. परवानगी मागायला जाऊ नका, गोष्ट मागायला जा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आपण बहुतेक वेळा परवानगीच मागतो, म्हणून ती नाही म्हणतात. आणि एखादी गोष्ट ‘ही मुलांना नको’ म्हणून त्यांनी गाळली, तर ती गाळायचा हक्क त्यांचा आहे.

लहान वयाच्या, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलांना हे सगळं जड जाईल असं वाटत असेल तर त्यांचा गट वेगळा करा आणि त्यांना चिऊ-काऊची घरं बांधू द्या, खरोखरची. काऊचं शेणाचं (शेण नको वाटलं तर चिखल आणि गवत), चिऊचं मेणाचं. घरातल्या उरलेल्या मेणबत्त्यांचं मेण मोठ्यांनी वितळवायचं, कोमट झालं की मुलांनी थापायचं. मग झारीने पाऊस पाडायचा. काऊचं घर वाहून जातंय हे डोळ्यांसमोर बघितलेल्या मुलाला ती गोष्ट आयुष्यात परत सांगावी लागत नाही. चिखलात भरपूर गवत मिसळलं तर काऊचं घरही टिकतं, असा शोध एखादं मूल लावेल. तेव्हा गोष्ट बदलायची का यावर मुलांना भांडू द्या. मोठ्या मुलांना वेळ उरलाच तर म्हणींच्या बाहुल्या. घानामधले अकान लोक सोन्याची भुकटी तोलायला पितळेची छोटी वजनं वापरत, त्यातली अनेक बघताच एखादी म्हण आठवावी अशी घडवलेली. आपल्या मुलांनी ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ मातीत करून बघावं. म्हण न सांगता दुसऱ्याने ओळखायची.

राहिले पालक. त्यांना दोष देऊ नका. पैसे भरलेत, मूल आठ दिवस पाठवलंय, दाखवायला काहीतरी हवं हे साहजिक आहे. चूक झाली असेल तर ती गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी प्रदर्शन ठेवण्यात. प्रदर्शन म्हटलं की वस्तू देखणी लागते, आणि देखणी वस्तू लागली की आदल्या रात्री तुम्ही, तुमच्या दोन मैत्रिणी आणि एखादी हौशी आई मिळून सगळ्यांचे डोळे नीट करत बसता. खरं सांगा, गेल्या वर्षीच्या मुखवट्यांतले किती डोळे मुलांनी काढलेले होते? यंदा पत्रकावरच छापा की शेवटच्या संध्याकाळी मुलं गोष्टी सांगणार आहेत. प्रत्येकाला तीन मिनिटं, हातात आपली पोथी किंवा फळी किंवा बाहुली. कुठलीही वस्तू मांडून ठेवायची नाही, पाळी आली की पिशवीतून काढायची. फोटो हवेत त्यांना व्हिडिओ घेऊ दे. आपलं मूल आपल्याच आजोबांच्या विहिरीची गोष्ट गावासमोर सांगतंय हे बघताना वाकड्या नाकाच्या बाहुलीबद्दल कुणी तक्रार करेल असं मला वाटत नाही. आणि केलीच एखादीने, तर तिला हसून सांगा की शोकेसमध्ये ठेवायचं असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी फार सुरेख मिळतात. तिथल्या कारागिरांचंही भलं होईल.

सासूबाईंना पहिल्या रांगेत बसवा, आणि प्रत्येक गोष्टीनंतर एक प्रश्न विचारायचं काम त्यांच्याकडे द्या. मुलं त्या प्रश्नाच्या धाकाने चांगली तयारी करतील.

थर्माकोलचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात त्याचा उल्लेख आहे म्हणून: सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि तसंही नारळी-पोफळीच्या गावात तो विकत आणणं मला विनोदी वाटतं. बियांच्या बाबतीत मात्र काळजी घ्या. काजूच्या कच्च्या बिया बाहुलीच्या पोटाला छान दिसतात, पण टोचल्या किंवा फुटल्या की टरफलातलं तेल हात भाजून काढतं. लाल-काळ्या गुंजा डोळ्यांना लावायचा मोह प्रत्येक मुलाला होतोच. त्या पिशवीतच येऊ देऊ नका, आतला गर जबर विषारी असतो. चिंचोके, रिठ्याच्या बिया, शिंपले यांवर भागतं.

पिंगुळीला आताच फोन करा, मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च शिबिराच्या हिशेबात सगळ्यात वर लिहा, उरेल त्यातून बाकीचं सामान. विऱ्यांचं काम मुलांवर सोपवू नका, बागायतवाल्यांना आजच सांगून ठेवा. पडलेली विरी चार दिवस जमिनीवर राहिली की वाळवी लागते, त्यामुळे पडेल तशी उचलून माळ्यावर टाकायला सांगा. वीस मुलांना साठेक लागतील, कारण पहिली दोन प्रत्येकाकडून फाटणारच.